गुरुपौर्णिमा, सर आणि रिकाम्या खुर्च्या

सांगलीतील आमच्या तबलावर्गाच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाबद्दल चिटणीस या नात्याने लिहिताना दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ यथासांग पार पडते, एवढे नमूद करून मी सरळ सरांकडे वळतो.

सरांचा हात कीर्तनातल्या पखवाजावर तयार झाला. पुढे त्यांनी नाट्यपदांना तबला, लोकनाट्यात ढोलकी, गोंधळाला संबळ आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात ड्रमसेटही वाजवला, आणि यातल्या कशालाही ते कधी कमी लेखत नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावण्यासाठी ते स्वतः कणीक मळतात, थोडी थोडी लावून थाप ऐकत राहतात, आणि लहान मुले भोवती कोंडाळे करून बसतात.

त्यांचे भाषण दहा मिनिटांचे असते आणि विषय एकच, साथ. अहमदजान थिरकवाँसारखा स्वतंत्र वादनातला बादशहा याच जिल्ह्यातल्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे, हा दाखला ते दरवर्षी देतात आणि मला तो दरवर्षी नव्याने भिडतो. विशारदची परीक्षा तोंडावर आलेली मुले या वेळी हमखास चुळबुळतात, कारण त्यांना कायदे-रेले, म्हणजे स्वतंत्र वादनातल्या रचना, वाजवायच्या असतात आणि सर सांगत असतात की साधा ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, वीस मिनिटे न डगमगता धरून दाखवा.

मुलांच्या वादनात दरवर्षी कुणीतरी चुकतेच. गेल्या खेपेला प्रवेशिकेतला, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षांतला, एक मुलगा सोळा मात्रांच्या त्रितालातल्या कायद्याच्या पलट्यात (त्याच बोलांच्या उलटसुलट मांडणीत) हरवला, तेव्हा बाजूला बसलेल्या सरांनी त्याच्याकडे न पाहता नवव्या मात्रेवर नुसता हात उलटा करून ‘खाली’ (तालातली टाळी नसलेली जागा) दाखवली. पोराने उरलेल्या मात्रा सावरल्या आणि तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला. मोठ्या पाहुण्यांच्या वादनालाही नसेल इतकी मोठी दाद त्या समेला मिळाली.

आता थोडे कडू. आपल्या पाल्याचे वादन संपताच त्याला घेऊन निघणारे पालक, आणि पुण्या-मुंबईहून लांबलचक शुभेच्छा पाठवणारे पण पाच-पाच वर्षे न फिरकणारे माजी विद्यार्थी यांच्यामुळे सर वाजवायला बसतात तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. पंगतीला मात्र पाने कमी पडतात.

ऋण मानायचे तर 2019 च्या महापुरात भिजलेल्या तबल्यांना उधारीवर पुड्या (तोंडावरची कातडी) चढवून देणारे मिरजेचे कारागीर, रात्री उशिरापर्यंत लेहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरणारे हार्मोनियमचे दादा, सतरंज्या उचलणारी नववीची मुले, ध्वनिक्षेपक सांभाळणारे आणि ऐन वेळी तार जोडून देणारे शेजारचे वायरमन, चहा घेऊन तीनदा जिने चढणाऱ्या मावशी, आणि हो, स्वयंपाकघरातून कधीच बाहेर न आल्याने आभारप्रदर्शनात दरवेळी राहून जाणाऱ्या सरांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकू. यंदा त्यांचा सत्कार सर्वांत आधी ठेवला आहे आणि तो पाचच्या ठोक्याला होणार आहे.