डिश आपलीच आहे हे सिद्ध करताना

फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीला युक्रेनमधल्या प्रत्येक स्टारलिंकवाल्याच्या, म्हणजे छपरावरच्या डिशने थेट उपग्रहावरून इंटरनेट घेणाऱ्याच्या, मागे एक काम लागलं: आपली डिश आपलीच आहे, हे सरकारदरबारी नोंदवायचं. नाही नोंदवलं तर इंटरनेट बंद. मी मूळचा सांगलीचा. डॉक्टरकी शिकायला इकडे आलो, लग्न केलं आणि पोल्टावा प्रांतातल्या एका गावात राहिलो. पुण्यातल्या एका कंपनीसाठी औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल घरबसल्या तपासतो. या हिवाळ्यात वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता आणि वीज गेली की थोड्या वेळात मोबाइलचा टॉवरही मान टाकायचा. मग उरायची एक बॅटरी आणि छपरावरची डिश. माझी नोकरी आणि हवाई हल्ल्याचा इशारा देणारं सासूबाईंचं अ‍ॅप, दोन्ही तिच्यावरच.

हा खटाटोप का, हे घरात मलाच समजावून सांगावं लागलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला, आक्रमणाच्या दिवशीच, रशियाने व्हायासॅटच्या केए-सॅट उपग्रहसेवेवर सायबर हल्ला करून हजारो मोडेम निकामी केले. दोन दिवसांनी तेव्हाचे डिजिटल मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी इलॉन मस्ककडे जाहीरपणे मदत मागितली आणि लगोलग डिशांचे खोके येऊ लागले. तेच फेदोरोव या जानेवारीत संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्यापुढे नेमका उलटा प्रश्न आला: ही सेवा शत्रूच्या हातून काढून कशी घ्यायची?

रशियात स्टारलिंक विकलं जात नाही. पण तिसऱ्याच देशातून घेतलेली डिश आघाडीवर पोचते. रशियन सैनिक ती वापरतात, असं युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं. मग तेवढा भाग बंद का करत नाहीत, असं सासूबाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. नकाशावर रेघ मारून पलीकडची सेवा बंद करता येते. पण आघाडी रेघेसारखी नसते. आज इकडे, उद्या तिकडे, मध्ये काही किलोमीटर कोणाचेच नाहीत. उपग्रहाचा झोत दोन्ही बाजूंच्या खंदकांवर सारखाच पडतो. रेघ जरा इकडे ओढली की आपलीच पोरं आंधळी होतात. त्यामुळे वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

या हिवाळ्यात रशियनांनी डिश थेट ड्रोनवर बसवायला सुरुवात केली, तेव्हा मात्र पाणी डोक्यावरून गेलं. रेडिओ जॅमिंगला न जुमानता शेकडो किलोमीटरवरून थेट चित्र बघत ड्रोन चालवता येऊ लागलं. स्टारलिंक चालवणाऱ्या मस्कच्या स्पेसएक्स कंपनीने आधी वेगावर मर्यादा घातली: ताशी ७५ किलोमीटरच्या वर गेलेली डिश बंद. हा तात्पुरता उपाय होता. कायमचा उपाय म्हणून सरकारने ‘पांढरी यादी’ आणली. नोंदलेली डिश चालणार, बाकी सगळ्या बंद, मग त्या कुठेही असोत. डिश कुठे आहे यापेक्षा ती कोणाची आहे, हे महत्त्वाचं झालं.

कंपन्यांसाठी दिया या सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीने नोंदणी होती. सैन्यासाठी डेल्टा ही वेगळी सुरक्षित प्रणाली. आमच्यासारख्यांनी जवळच्या त्स्नापमध्ये जायचं. त्स्नाप म्हणजे आपलं सेतू कार्यालय समजा, फक्त खुर्च्या बऱ्या. फी नाही. बायकोचा पासपोर्ट आणि करक्रमांक हाताशी होते. अडलं ते डिशच्या तीन आकड्यांपाशी: खाते क्रमांक, किट क्रमांक आणि यूटीआयडी, म्हणजे त्या डिशचा स्वतःचा ओळख क्रमांक.

आमची डिश पोलंडमधल्या एका स्वयंसेवी गटाने पाठवलेली. खातं त्यांच्यातल्या एकाच्या नावावर, बिल त्याच्या कार्डावर, आम्ही त्याला पैसे पाठवायचे. अशा कितीतरी डिश त्याच्या माथी होत्या आणि सगळ्यांचे निरोप त्याला एकदमच गेलेले. अखेर एका रात्री त्याने खाते क्रमांक धाडला. किट क्रमांक खोक्यावर असतो. ते खोकं तळघरात, आत सासूबाईंचं बीट. ओलीने स्टिकरचा लगदा झालेला. दुसरं लेबल डिशच्या पाठीशी, म्हणजे बर्फाने गच्च झालेल्या छपरावर. शेवटी तोही पोलंडहूनच मागवला. यूटीआयडी मात्र अ‍ॅपमध्ये सहज सापडला. लांबलचक अक्षरं-आकडे. हे वाचणाऱ्या कोणाला करायचं असेल, तर हाताने उतरवू नका, कॉपी करा. शून्य आणि ‘ओ’ मध्ये फसाल.

त्स्नापमध्ये डिशवाल्यांची वेगळी रांग नव्हती. जमिनीच्या कागदांचं, पेन्शनचं, सगळं एकाच ठिकाणी. आमच्यापुढे एक गणवेशातला जवान होता. स्वतःच्या पैशाने घेतलेली डिश नोंदवायला तो आला होता. त्याला परत पाठवलं: तुमचं डेल्टावर होईल, इथे नाव लिहू नका. मला ते पटलं. आघाडीवरच्या डिशचा आकडा गावच्या काउंटरवर कशाला पडू द्यायचा? काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे फारसं पाहिलं नाही, सगळे प्रश्न बायकोला विचारले, आकडे दोनदा वाचून दाखवले आणि काम झालं. यादी दिवसातून एकदा अद्ययावत होते, म्हणून वाट पाहायची.

त्याच दरम्यान आघाडीवर रशियनांच्या डिश बंद पडल्या. मंत्र्यांचे सल्लागार, रेडिओतज्ज्ञ सेर्ही बेस्क्रेस्त्नोव यांनी तसं जाहीरच केलं. नोंदणीला उशीर झालेल्या आपल्या काही तुकड्यांच्याही बंद झाल्या. आघाडीवरचा माझा मेहुणा बराच वेळ गप्प होता, तेव्हा घरात कोणी नीट जेवलं नाही. पुढे त्याचा फोन आला, इतकंच सांगतो.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. यादी युक्रेनने बनवली, पण बटण अमेरिकेतल्या एका खाजगी कंपनीच्या हातात आहे. आज ते आपल्या बाजूने दाबलं गेलं. बायको म्हणते, मग दुसरा इलाज सांग. माझ्यापाशी नाही.

शत्रूनेही हातपाय मारले. रशियन कैदेत असलेल्या सैनिकांच्या घरच्यांना धमकावून, ‘तुमच्या नावावर आमची डिश नोंदवा’ असं सांगितलं जात असल्याचा इशारा युद्धकैद्यांचं काम पाहणाऱ्या सरकारी मुख्यालयाने दिला. मुलगा तिकडे अडकलेल्या आईने अशा फोनला काय उत्तर द्यायचं? मला तरी सुचत नाही.

तेर्नोपिलला शिकणाऱ्या कोल्हापूरच्या एका पोराने परवा विचारलं, “दादा, आमच्या फ्लॅटवर डिश आहे, मी जाऊ का नोंदवायला?” त्याला म्हटलं, डिश घरमालकाची, तर फेरी त्यानेच मारू दे. तू अ‍ॅपमधून यूटीआयडी काढून त्याला पाठव. आणि कोणी पैसे देऊन तुझ्या नावावर डिश नोंदवायला सांगितलं, तर फोन ठेवून दे आणि सरळ पोलिसांना कळव.