उकळलेलं आणि न उकळलेलं

आज प्रयोगशाळेत जेलवरून नजर हटत नव्हती (जेल म्हणजे जेलीसारखा थर; त्यात हलकी प्रथिनं जास्त खाली सरकतात). शेजारी-शेजारी दोन लेन (रांगा), दोन्हींत एकच सॅम्पल: रोगकारक ई. कोलाय जिवाणूच्या बाह्यपटलातली (बाहेरच्या आवरणातली) प्रथिनं. फक्त एक उकळून घातलेलं, दुसरं न उकळता. उकळलेल्या लेनमध्ये त्यातल्या ओएमपी-ए या प्रथिनाचा बँड (पट्टा) ३५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), आणि न उकळलेल्यात तोच ३० च्याही खाली उतरलेला!

वजन तेच, मग असं का? हे प्रथिन आठ पट्ट्यांच्या पिंपासारखं वळलेलं असतं. प्रथिनं उलगडणाऱ्या एसडीएससारख्या डिटर्जंटलाही ते दाद देत नाही. घट्ट मिटलेलं असल्यामुळे जेलमधून भरभर पुढे सरकतं. उकळलं की मगच उलगडतं. पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण स्वतःच्या जेलवर बघताना अंगावर काटा आला.

याआधी दोनदा गाळच नीट मिळाला नव्हता. सार्कोसिल या डिटर्जंटमध्ये जिवाणूचं आतलं पटल विरघळतं, बाहेरचं गाळात उरतं, तिथेच सगळी मेहनत. पण आपल्या प्रतिकारशक्तीची जंतूशी पहिली गाठ याच पटलावर पडते. मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकोकस-बी या जिवाणूवरच्या लशींतही बाह्यपटलातलीच प्रथिनं आहेत.

३५ च्या वर आणखी एक फिकट बँड आहे, ओळखीचा वाटत नाही. उद्या तो कापून, प्रथिन कोणतं ते ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या तपासणीला) देणार.