लहान उपकरणातील दोन अँटेना आणि त्यांचा एकच बोर्ड

प्रक्षेपक आणि ग्राहक या दोन्ही टोकांना एकाऐवजी दोन किंवा चार अँटेना वापरल्यास, बँडविड्थ आणि शक्ती न वाढवताही, डेटाचा वेग काही पटींनी वाढवता येतो, हे जेरार्ड फोशिनी आणि एमरे तेलातार यांनी १९९० च्या दशकात बेल लॅब्समध्ये गणिताने दाखवून दिले. २००९ साली मंजूर झालेल्या ८०२.११एन या वाय-फाय मानकाने ते तंत्र रोजच्या वापरात आणले. मात्र त्यासाठी प्रत्येक अँटेनाला मिळणारा सिग्नल शेजारच्या अँटेनाच्या सिग्नलपेक्षा पुरेसा वेगळा असावा लागतो. दोघांमध्ये अर्ध्या तरंगलांबीएवढे अंतर असेल तर ही अट सहज पुरी होते. हे अंतर २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ६ सेंटिमीटर, तर ७०० मेगाहर्ट्झला २१ सेंटिमीटरहून अधिक भरते. हातात मावणाऱ्या उपकरणात एवढी जागा नसते, आणि खरे डिझाइन तिथूनच सुरू होते.

जवळ ठेवलेल्या दोन अँटेनांपैकी एकाला शक्ती पुरवली की तिचा काही भाग दुसरा अँटेना ओढून घेतो आणि तो भाग त्याच्या सर्किटमध्ये उष्णतेच्या रूपाने संपते. आयसोलेशन, म्हणजे दोन अँटेनांमधली विलगता, ६ डेसिबल असेल तर पुरवलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा असा वाया जातो. १० डेसिबलला एक दशांश आणि २० डेसिबलला एक टक्का. म्हणूनच हा आकडा वाढवण्याकडे डिझाइन करणाऱ्यांचा कल असतो. माझ्या मते १० ते १२ डेसिबल गाठल्यावर त्यामागे फार वेळ घालवू नये. १० चे २० डेसिबल करण्यासाठी कितीही खटपट केली तरी प्रसारित शक्तीत अर्ध्या डेसिबलचीही भर पडत नाही.

शिवाय हा आकडा सहज फसवतो. दोन्ही अँटेना काढून त्यांच्या जागी ५० ओहमचे रोध जोडले, तर अँटेनाची मोजणी करणाऱ्या नेटवर्क अॅनालायझरवर मॅचिंगही (शक्ती परत न फिरता आत शिरणे) उत्तम दिसेल आणि आयसोलेशनही, पण बाहेर मात्र काहीच प्रसारित होणार नाही. एफआर-४ या नेहमीच्या काचतंतूच्या सर्किट बोर्डावरच्या अरुंद, वळणावळणाच्या अँटेनात हेच सौम्य प्रमाणात घडत असते. एस-पॅरामीटरवरून, म्हणजे अँटेनांच्या जोडण्यांवर मोजलेल्या परावर्तन आणि कपलिंगच्या आकड्यांवरून, दोन अँटेनांमधील सहसंबंध (त्यांचे सिग्नल किती सारखे आहेत ते) काढण्याचे सोपे सूत्र २००३ पासून सर्रास वापरले जाते. ते अँटेनात शक्तीचा क्षय होत नाही असे धरून मांडलेले आहे, त्यामुळे क्षय जितका जास्त तितका सहसंबंध कमी, म्हणजे चांगला, दिसतो. प्रारणाच्या त्रिमितीय आकृत्या मोजून काढलेला सहसंबंध आणि एकूण कार्यक्षमता या दोनच गोष्टींवर मी विश्वास ठेवतो. सहसंबंध ०.५ पर्यंत गेला तरी, सिग्नल चांगला असताना, नुकसान साधारण दीड डेसिबलचे असते. दोन्ही अँटेनांची कार्यक्षमता निम्मी झाली तर ते ३ डेसिबलचे होते. सहसंबंधाच्या तुलनेत कार्यक्षमतेकडे कमी लक्ष दिले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

१ गिगाहर्ट्झच्या खाली प्रश्न आणखी अवघड होतो. तिथे अँटेना म्हणून आपण जो छोटा धातूचा तुकडा बसवतो, तो बहुतांशी बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे त्यावरच्या तांब्याच्या सलग थराला, चेतवण्याचेच काम करतो. १३-१४ सेंटिमीटर लांबीचे ग्राउंड १ गिगाहर्ट्झच्या आसपास अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलसारखे (सरळ दांड्याच्या साध्या अँटेनासारखे) वागते आणि प्रारणाचा मोठा वाटा त्याचाच असतो. दोन अँटेना बोर्डाच्या दोन टोकांना, एकमेकांपासून शक्य तितके लांब ठेवले, तरी दोघेही त्याच एका प्रवाहाला चेतवतात, त्यामुळे त्यांच्या प्रारणाच्या आकृत्या जवळपास सारख्याच येतात. एका अँटेनाने बोर्डाला चेतवावे आणि दुसऱ्याला त्यापासून अलिप्त ठेवावे, हा त्यावरचा उपाय. विद्युत क्षेत्राद्वारे जोडणारा अँटेना आखूड कडेला ठेवला की तो बोर्डाशी घट्ट जोडला जातो, तोच लांब कडेच्या मध्यावर नेला की ही जोडणी खूप सैल होते. हॅरिंग्टन आणि मॉट्झ यांनी १९७१ मध्ये मांडलेली कॅरॅक्टरिस्टिक मोडची पद्धत, म्हणजे बोर्डावरच्या प्रवाहाचे नैसर्गिक आकृतिबंध काढण्याची रीत, अशा जागा शोधायला फार उपयोगी पडते. याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते, कारण बोर्डाचा आधार सुटलेला अँटेना खरोखरच लहान उरतो आणि चू यांनी १९४८ मध्ये दाखवलेली आकारमानाची मर्यादा (अँटेना जितका लहान तितकी बँडविड्थ कमी) त्याला लागू होते.

२.४ गिगाहर्ट्झच्या बोर्डावर बरेचदा दोन अँटेनांना जोडणारा एक बारीक ट्रेस, म्हणजे तांब्याची रेघ, पुरतो. तो एका अँटेनातला थोडा प्रवाह उलट्या कलेत (फेजमध्ये) दुसऱ्याकडे नेतो आणि मूळ कपलिंग रद्द करतो. वाय-फायच्या ८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ही युक्ती चांगली आहे. रुंद पट्ट्यांमध्ये ती एका टोकाला साधते आणि दुसऱ्या टोकाला बिघडते. ग्राउंडमध्ये खाच पाडण्याचा उपाय सिम्युलेशनमध्ये छान दिसतो, पण प्रत्यक्षात त्या खाचेवर बॅटरी किंवा डिस्प्लेची धातूची चौकट येऊन बसते.

नमुना केबलने मोजणीच्या यंत्राला जोडून मोजतानाही ग्राउंडमधला प्रवाह आडवा येतो. कोअॅक्सियल केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून तो वाहू लागला की केबलच प्रारण करू लागते. केबल हाताने पकडून पाहावी. पडद्यावरची वक्ररेषा हलली तर केबल अँटेनाचा भाग झाली आहे असे समजावे, बोर्डाजवळ फेराइटचे मणी घालावेत आणि प्रवाह कमीत कमी असेल तिथून ती बाहेर काढावी. त्यानंतरची मोजणी कृत्रिम हात लावून करावी. बोट अँटेनावर आले की त्याची वारंवारिता खाली सरकते आणि शक्तीचा बराच भाग हातात शोषला जातो. दोन्ही अँटेना एकाच तळहाताखाली झाकले जात असतील, तर त्यांतील एकाची जागा बदलावी लागते, आणि हे बाह्य आवरणाचा साचा पक्का होण्यापूर्वीच करणे शक्य असते.