कुठलं ब्लेड देऊ?

दाढीच्या सामानात सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ब्लेड, आणि सगळ्यात जास्त डोकेफोड होते तीही त्याच्यावरच. दुधारी ब्लेडचा जुन्या पद्धतीचा रेझर नव्यानं हातात घेतलेला माणूस रेझर एका दुपारीत ठरवतो, ब्रश भाचा सुचवेल तो घेतो, साबण वासावर निवडतो आणि मग ब्लेडपाशी येऊन अडतो. पाच ब्लेडांची पुडी वडापावाच्या आसपासच्या किमतीत मिळते. तिच्यावर तो जितका विचार करतो तितका गृहकर्जाच्या व्याजदरावर केला असता तर घरातले खूश झाले असते.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना तो कुणी विचारलाच नाही. वाण्याकडे जाऊन 'ब्लेड द्या' म्हटलं की टोपाझ नाहीतर सेव्हन ओ'क्लॉक हातावर पडायचं. त्यावर चर्चा नव्हती. ब्लेड लागतं, ओढतं, रक्त काढतं अशी तक्रार कुणी केलीच तर घरचे मोठे ती ब्लेडविरुद्ध नव्हे, तक्रारदाराविरुद्ध नोंदवून घेत. आता वाणीही विचारतो, 'कुठलं देऊ?' आणि त्या प्रश्नानं नवशिक्याची झोप उडते.

निवड करता येते हेच मुळात नशीब म्हणायचं, आणि त्यामागे एक जुनं भांडण आहे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यानं धार न लावता वापरून फेकून द्यायच्या पात्याची कल्पना काढली. पोलादाचा एवढा पातळ पत्रा कडक कसा करायचा आणि त्याला धार कशी आणायची, हे विल्यम निकर्सन नावाच्या इंजिनिअरनं सोडवलं. १९०३ साली त्यांचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. वर्षभराची विक्री ती एवढीच! दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. त्या वेळच्या ब्लेडला मधे तीन गोल भोकं असत. पुढे हेन्री गेस्मन या प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीशी पेटंटवरून वाजलं, १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि तेव्हापासून ब्लेडच्या पोटात ती लांबट, खाचाखाचांची फट आहे. तिचा आकार त्यानंतर फारसा कुणी बदलला नाही. म्हणून आजोबांच्या रेझरमध्ये आज सकाळी घेतलेलं ब्लेड बसतं आणि जपानी ब्लेड जर्मन रेझरमध्ये बसतं. कार्ट्रिजवाल्या, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या रेझरला ही मुभा नाही. तिथे एकदा दांडा घेतला की पुढची सगळी खरेदी कंपनीनं तुमच्या वतीनं आधीच करून ठेवलेली असते.

तर ही मुभा मिळाल्यावर नवशिका काय करतो? नमुन्यांचा संच मागवतो. जगभरच्या ब्लेडांची एकेक पुडी. त्यात जपानच्या सेकी गावचा वारसा सांगणारं फेदर असतं; ते गाव कैक शतकं तलवारी घडवत आलंय. हिरव्या पुडीतलं अ‍ॅस्ट्रा बरीच वर्षं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गहून येत होतं. तुर्कस्तानचं डर्बी असतं, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचं लॉर्ड असतं. आणि या पाहुण्यांच्या गर्दीत एक ठाणेकरही असायचा. वागळे इस्टेटमध्ये बनलेल्या सुपरमॅक्सची ब्लेडं परदेशातले दाढीशौकीन कौतुकानं मागवायचे. आपण मुलुंडला राहून जपानी ब्लेडची वाट बघायची आणि तिकडे कुणी ठाण्याच्या ब्लेडची, असा सगळा कारभार.

पुड्या उघडल्या की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की सगळ्यांवर 'प्लॅटिनम' लिहिलेलं आहे. सोनाराला दाखवायला जाऊ नये. ब्लेडचं अंग साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं, बहुतेक तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेल्या पोलादाचं. त्याच्या धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा डोळ्याला न दिसणारा थर देतात आणि त्याच्यावर तव्याला असतं तसलं टेफ्लॉन भाजून बसवतात. पोलाद जवळजवळ सारखंच, पण घासायचा कोन आणि या थरांची हातोटी प्रत्येकाची वेगळी. म्हणूनच चार ब्लेडं हातात सारखी दिसतात आणि गालावर चार भाषा बोलतात.

इथे एक घोटाळा होतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा होतो. त्याला भीती वाटते धारेची. मग तो सगळ्यात कमी धारेचं ब्लेड निवडतो, म्हणजे कापणार नाही. दिसायला हे शहाणपणाचं वाटतं. पण बोथट ब्लेड केस कापायच्या ऐवजी ओढतं. ओढलं की माणूस नकळत जोर लावतो, आणि दाढीत रक्त निघतं ते या जोरानं. धारदार ब्लेडला जोर लागतच नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. बाकी काम कोनाचं. पातं गालाशी तीसेक अंशांवर राहिलं पाहिजे, आणि हे कार्ट्रिजमध्ये वाढलेल्या मनगटाला ठाऊकच नसतं, कारण तिथे कोन सांभाळायला मान हलणारं डोकं असतं. त्यामुळे पहिले काही दिवस जे ब्लेड रेझरमध्ये असेल ते बदनाम होतं. त्याची चूक एवढीच की तेव्हा ते तिथे होतं.

धार आणि मऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही हळूहळू कळतं. फेदरसारखी प्रचंड धारेची ब्लेडं केस असा उडवतात की आवाजही येत नाही, पण हात जरा तिरका पडला की लगेच हिशेब चुकता करतात. काही ब्लेडं धारेला मध्यम, पण गालावरून अशी सरकतात की दाढी झाल्यावर तुरटी फिरवली तरी झोंबत नाही. तुरटी हा उत्तम परीक्षक आहे. आरसा खोटं बोलेल, तुरटी बोलत नाही. आणि काही ब्लेडं पहिल्या दिवशी खरखरतात, दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी वागतात. त्यांना पहिल्याच दिवशी डब्यात टाकणारे लोक मी पाहिलेत. मला ते लग्नात पंगतीच्या पहिल्या वाढपाला उठून जाणाऱ्यांसारखे वाटतात.

ब्लेडबरोबर रेझरचाही स्वभाव लागतो. रेझरमध्ये मवाळ आणि जहाल असे दोन पक्ष आहेत. मवाळ रेझरमध्ये ब्लेडची कड जेमतेम बाहेर डोकावते, जहालात ती चांगली पुढे येते. मवाळ रेझरमध्ये धारदार ब्लेड गुण्यागोविंदानं नांदतं. जहाल रेझर आणि जहाल ब्लेड ही युती नवशिक्यानं सोमवारी सकाळी करू नये.

मधे एकदा वाटलं, ज्याचा हा रोजचा धंदा त्यालाच विचारावं. आमच्या गल्लीतला सलूनवाला मला काका म्हणतो, वास्तविक आमच्यात दहाच वर्षांचं अंतर असेल. त्याला विचारलं, कुठलं ब्लेड चांगलं? तो म्हणाला, 'काका, होलसेलवाला देतो ते.' असं म्हणत त्यानं कागदातलं ब्लेड कागदासकट मधोमध वाकवून कट्कन मोडलं, अर्धं उस्तऱ्याला लावलं आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलं. मला आधी ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं. घरी येताना उलगडलं की त्याला खरंच माहीत असायचं कारण नाही. त्याच्याकडे प्रत्येक चेहऱ्याला नवी धार. ब्लेडचा पहिला दिवस त्यानं हजारो वेळा पाहिलाय, दुसरा दिवस कधीच नाही. घरी दाढी करणाऱ्याचा सगळा प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचा असतो.

तिसऱ्या दिवशी ब्लेडचं काय होतं, हे कुणीतरी नीट पाहिलंय. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रोशोली या संशोधकानं रेझरनं स्वतःची दाढी करायची आणि नंतर पात्याची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, असा उद्योग केला. २०२० साली ते काम 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. माणसाचा केस ब्लेडपेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी तो पोलादाला हरवतो कसा? आपली समजूत अशी की धार झिजून गोल होते. त्यांना दिसलं ते वेगळं. कापताना केस वाकतो, आणि तो नेमका पोलादातल्या एखाद्या कमकुवत जागेशी गाठला की तिथला टवका उडतो. एक टवका उडाला की शेजारी दुसरा उडायला वाट मिळते. हे वाचल्यापासून 'हे ब्लेड दहा दाढ्या चालतं' असं छातीठोक सांगणाऱ्यांबद्दल मला कौतुक वाटत नाही. चार-पाच दाढ्यांनंतर ओढायला लागलं की काढावं. वडापाव महाग, ब्लेड स्वस्त.

काटकसरीचे जुने प्रकार मात्र ऐकायला मजेदार आहेत. काचेच्या ग्लासाच्या आत ब्लेड दाबून मागे-पुढे घासलं की पुन्हा धार येते, असं मानून कित्येक घरांत एक ग्लास त्यासाठी राखलेला असे. त्या काळी ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची असत. पुसून ठेवली नाहीत तर गंज चढायचा. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्डनं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि जिलेटलाही मागोमाग त्याच वाटेनं जावं लागलं. ब्लेड आठवडाभर टिकू लागलं ते तेव्हापासून. ग्लास पुन्हा पाणी प्यायला मोकळे झाले.

ब्लेडची पारख करायची तर एकच रेझर, एकच साबण, आणि बदल फक्त ब्लेडमध्ये. हे सांगायला सोपं आहे. माणूस करतो काय, तर नव्या ब्लेडबरोबर नवा साबणही उघडतो, आणि रविवारी निवांत, गरम पाण्यानं अंघोळ करून केलेल्या दाढीवर एका ब्लेडला शाबासकी देतो, तर सोमवारी ८.१२ ची लोकल डोळ्यासमोर ठेवून उरकलेल्या दाढीवर दुसऱ्याला नावं ठेवतो. दाढीचा केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर कुठलंही ब्लेड लावा, स्वतःच्या हातानं स्वतःची बिनपाण्यानं होते.

गळ्याचा मामला वेगळाच. गालावर केस सरळ खाली वाढतात, पण जबड्याखाली त्यांना भोवरा असतो, एका बाजूला आडवे, दुसऱ्या बाजूला चक्क वर. ज्याला आपला भोवरा कुठल्या बाजूला आहे हे बोटं फिरवून ठाऊक नाही, त्यानं ब्लेडवर मत देऊ नये. बऱ्याच ब्लेडांची उत्तम कीर्ती माझ्या गळ्याच्या उजव्या बाजूला येऊन धुळीला मिळाली आहे. केसांच्या दिशेनं पहिला हात सगळीच बरा मारतात. सलूनवाला 'उलटा मारू का?' म्हणून विचारतो ना, त्या उलट्या हातात ब्लेडचं खरं घराणं कळतं.

आणि मग श्रावण. आमच्याकडे तो पाळला जातो. महिनाभर दाढीला पातं लागत नाही, आणि भाद्रपद लागताच गणपती दाराशी आलेले असतात, सलूनबाहेर रांगा. घरच्या घरी उरकणाऱ्यालाही आधी कात्रीनं किंवा ट्रिमरनं रान साफ करावं लागतं. लांब केसांत दुधारी रेझर गच्च भरून बसतो. ते साफ केल्यावरही कातडी महिनाभर मोकाट राहिल्यानं हळवी झालेली असते. त्या दिवशी मी नवं ब्लेड कधीच लावून बघत नाही. ओळखीचंच हवं.

आता कुणी नवशिक्या मला विचारतो, तेव्हा मी त्याला नावं सांगत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात कायम मिळतं असं एक मधल्या धारेचं ब्लेड घे, त्याच्या दोन-तीन पुड्या संपव, आणि तोवर दुसऱ्या पुडीकडे बघू नकोस, एवढंच म्हणतो. त्याला हे उत्तर आवडत नाही. त्याला नाव हवं असतं. तो माझ्यासमोर मान डोलावतो आणि रात्री नमुन्यांचा संच मागवतो.

वापरलेल्या ब्लेडांचं काय करायचं, यावर मात्र मी ठाम आहे. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक चीर असे. वापरलेली ब्लेडं तिच्यातून थेट भिंतीच्या पोटात पडत. आजही तिकडे जुनी भिंत फोडली की गंजलेल्या ब्लेडांचा खच निघतो. आपल्याकडे भिंती विटांच्या, आणि कचरा निवडणारी माणसं हातानं निवडतात. पुडीच्या कागदात गुंडाळलेलं ब्लेड त्यांच्या बोटाला लागायचं ते लागतंच. मी हिंगाची रिकामी डबी ठेवली आहे. तिच्या तोंडातून ब्लेड नीट आत जातं, बाहेर येत नाही. भरली की चिकटपट्टीनं बंद करून, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहून घंटागाडीवाल्या ताईंच्या हातात द्यायची. अर्थात ती भरायला बरीच वर्षं लागतात. ब्लेड ही जागा खाणारी वस्तू नाही.

संचातली न आवडलेली ब्लेडं मी त्या डबीत टाकणार होतो. बायकोनं ती मागून घेतली. तिला ब्लाउजची शिवण उसवायला, साडीचा फॉल काढायला पातं लागतं. तिनं माझ्यासारखे प्रयोग वगैरे केले नाहीत. एका दुपारी चार-पाच पुड्यांतलं एकेक पातं दोऱ्यावर लावून बघितलं आणि फेदर वेगळं काढलं, ज्याच्यावर मी चांगला महिनाभर बसून 'विचार चालू आहे' असं म्हणत होतो. ती पुडी आता शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली असते. मध्यंतरी हात बराच बसला म्हणून मी तिच्यातलं एक ब्लेड परत मागितलं, तर तिनं डब्यातून टोपाझ काढून दिलं.