तुम्ही विचारलंत म्हणून: आज कोणाची हिट लागेल, हे गणिताला कळते का?

मी संख्याशास्त्र शिकवते आणि संध्याकाळचा बराच वेळ अमेरिकन बेसबॉलच्या आकड्यांत घालवते, हे ज्यांना माहीत आहे ते भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात: ‘आज कोणता फलंदाज हिट मारणार, हे तुमच्या मॉडेलला खरोखर आधी कळते का?’ विचारणाऱ्याला बहुधा हो किंवा नाही असे उत्तर हवे असते. माझे उत्तर मात्र एक आकडा असते, आणि तो सहसा ८० टक्क्यांच्या वर जात नाही. तो तिथेच का अडतो, हे एकदा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

हिट म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक नसताना, टोलावलेल्या चेंडूवर किमान पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या मार्गावरचा पहिला टप्पा, सुखरूप गाठणे. क्रिकेटची सरासरी बाद होण्यामागे किती धावा झाल्या हे सांगते. बेसबॉलमधली सरासरी म्हणजे हिटच्या संख्येला ‘ॲट-बॅट’च्या, म्हणजे फलंदाजीच्या संधींच्या, संख्येने भागणे, आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) चार बाहेरच्या चेंडूंमुळे मिळालेला वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, त्या भागाकारात धरत नाहीत. ०.३०० सरासरीचा फलंदाज चांगला समजला जातो. त्याला एका सामन्यात चार ॲट-बॅट मिळाले तर चारही वाया जाण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे २४ टक्के. अर्थात किमान एक हिट मिळण्याची शक्यता ७६ टक्के. आता त्याच्या जागी ०.२७० चा फलंदाज ठेवला, तर ही शक्यता ७२ टक्क्यांवर येते. पण ०.३०० वाल्यालाच चारऐवजी पाच ॲट-बॅट मिळाले, तर ती ८३ टक्क्यांवर जाते. कौशल्यातल्या ठळक फरकापेक्षा एका जादा संधीचे वजन अधिक भरते, ही गोष्ट मला पहिल्यांदा उमगली तेव्हा मी माझे निम्मे मॉडेल पुसून नव्याने लिहिले.

म्हणूनच माझ्या मॉडेलमध्ये सर्वांत आधी येतो तो फलंदाजीचा क्रम. पहिल्या क्रमांकावर येणाऱ्याला नवव्यापेक्षा सामन्यामागे जवळपास एक संधी जास्त मिळते. पाहुण्या संघाला नववा, म्हणजे शेवटचा, डाव पूर्ण खेळायला मिळतो. यजमान संघ आघाडीवर असेल तर तो शेवटचा अर्धा डाव खेळतच नाही. आणि वॉक घेणारा फलंदाज, संघाला कितीही मोलाचा असला तरी, या प्रश्नापुरता गैरसोयीचा ठरतो. २००४ चा हंगाम याचे स्वच्छ उदाहरण आहे. बॅरी बाँड्सची सरासरी ०.३६२ आणि इचिरो सुझुकीची ०.३७२, म्हणजे दोघे जवळजवळ शेजारी. पण बाँड्सला पिचर इतके घाबरत की त्याला २३२ वॉक मिळाले, जो आजही एका हंगामातला विक्रम आहे, आणि त्यामुळे १४७ सामन्यांत त्याचे ॲट-बॅट जेमतेम ३७३ झाले. इचिरोचे १६१ सामन्यांत ७०४ झाले, आणि त्यातून एका हंगामातल्या २६२ हिटचा विक्रम उभा राहिला. वरच्याच गणिताने पाहिले तर सामन्यात किमान एक हिट मिळण्याची शक्यता बाँड्सची ६८ टक्क्यांच्या आसपास येते, इचिरोची ८७ च्या.

समोरचा पिचर डावखुरा आहे की उजवा, तो किती जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करतो, मैदान डेन्व्हरसारखे उंचावरचे आहे का, हेही मी धरते. या सगळ्याने आकडा थोडाफार हलतो.

‘पण या आठवड्यात तो जोरात आहे ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला, आणि त्याचे उत्तर मी नेहमी १९७० च्या एका उदाहरणाने देते. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी त्या हंगामातल्या १८ फलंदाजांचे पहिले ४५ ॲट-बॅट घेतले आणि तेवढ्यावरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. रोबेर्तो क्लेमेंतेची सरासरी तेव्हा ०.४०० होती, थर्मन मन्सनची ०.१७८. त्यांनी प्रत्येकाचा आकडा सर्वांच्या मध्याकडे, म्हणजे ०.२६५ कडे, खेचला, क्लेमेंते ०.२९० वर उतरला, मन्सन ०.२४७ वर चढला. उरलेल्या हंगामात क्लेमेंतेने ०.३४६ आणि मन्सनने ०.३१६ सरासरी राखली, आणि खेचलेल्या अंदाजांतल्या अठराही जणांच्या चुकांच्या वर्गांची (प्रत्येक चूक गुणिले तीच चूक) बेरीज कच्च्या आकड्यांच्या तुलनेत एक तृतीयांशाहूनही कमी भरली. क्लेमेंतेवर इथे थोडा अन्याय झाला, हे मान्य केले पाहिजे: त्याआधी चार वेळा सरासरीत लीगमध्ये पहिला आलेल्या फलंदाजाला सर्वांच्या मध्याकडे इतके ओढायला नको होते. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मागच्या काही वर्षांच्या सरासरीकडे खेचते. पण एका आठवड्याच्या २५ ॲट-बॅटना त्या वर्षांपुढे फार मान द्यायचा नाही, हा धडा पक्का आहे.

सुरुवातीला माझ्या हातून एक गंभीर चूक झाली होती. मे महिन्यातल्या सामन्यांचा अंदाज बांधताना मी फलंदाजाची संपूर्ण हंगामाची सरासरी वापरत होते. म्हणजे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसलेले जून ते सप्टेंबर मॉडेलला आधीच सांगून ठेवले होते. निकाल इतके सुंदर आले की मला संशय आला, आणि शोधायला तीन दिवस लागले. आता प्रत्येक सामन्यासाठी आदल्या रात्रीपर्यंतचीच माहिती द्यायची, हा नियम मी विद्यार्थ्यांनाही घालून देते. पारखही मी एकाच रीतीने करते: ज्यांना मी ७५ टक्के दिले होते, त्यांच्यापैकी खरोखर शंभरातल्या ७५ जणांना हिट मिळाली का? एखाद्याला ७५ दिले आणि त्याला हिट मिळाली नाही, एवढ्याने अंदाज चुकला असे होत नाही.

२००१ पासून मेजर लीग बेसबॉल ‘बीट द स्ट्रीक’ नावाची स्पर्धा चालवते. तीत असेच खेळाडू निवडून सलग ५७ वेळा बरोबर यावे लागते, आणि बक्षीस ५६ लाख डॉलर आहे. प्रत्येक निवड ८० टक्क्यांची मिळाली तरी ठरावीक ५७ निवडी ओळीने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३ लाख ३० हजारांत एक. ८५ टक्क्यांची मिळाली तर १०,५०० मध्ये एक. ५७ हा आकडा जो डिमॅजिओ या फलंदाजामुळे आला, कारण १९४१ मध्ये त्याने सलग ५६ सामन्यांत हिट मारली होती.

त्याची मालिका १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये थांबली. माझे मॉडेल तिथे असते तर त्या रात्रीही त्याने डिमॅजिओला ८० टक्क्यांच्या आसपासच दिले असते. घडले असे की एक संधी वॉकमध्ये गेली. तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोन जोरदार टोले उलट्या हाताने अडवून त्याला बाद केले. आणि आठव्या डावात सर्व बेस भरलेले असताना चेंडू थेट शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) गेला व डबल प्ले झाला, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद. दुसऱ्या दिवसापासून त्याने आणखी सलग १६ सामन्यांत हिट मारली.