खोडदची जाळी, निघोजचे रांजण आणि विश्वाचे प्रयोजन

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांना जवळून पाहता येते. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी मी मामांबरोबर तेथे गेलो होतो. मामांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, त्यामुळे कोणत्याही वस्तूपुढे उभे राहिले की तिच्या नावाची व्युत्पत्ती आणि तिचे प्रयोजन या दोन गोष्टी विचारल्याशिवाय त्यांचा पाय पुढे निघत नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या प्रचंड तबकडीखाली उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की एवढ्या मोठ्या तबकडीला पत्रा न लावता ही चाळणीसारखी जाळी का लावली आहे. पैसे वाचवले असावेत, अशी त्यांची शंका होती.

शंका अर्धी खरी होती. जाळीमुळे वजन कमी होते, वारा आरपार जातो आणि तबकडी पेलणारा सांगाडा हलका ठेवता येतो, त्यामुळे खर्च वाचतोच. परंतु जाळी चालते याचे मूळ कारण वेगळे आहे. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते त्यांची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत असते, आणि जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. एवढ्या लांब लहरीला एवढे बारीक भोक जाणवतच नाही. तिच्या दृष्टीने तो अखंड पत्राच असतो. म्हणजे या दुर्बिणीची एकही कागदपत्रे न वाचलेल्या माणसाने केवळ भोकाचे माप घेतले, तरी ती कशासाठी बांधली आहे याचा बराचसा अंदाज त्याला करता येईल. तीसही तबकड्यांची मांडणी पाहिली, त्यांतल्या चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत हे लक्षात घेतले, तर तो अंदाज आणखी पक्का होईल. रचना आणि प्रयोजन यांचे नाते येथे इतके घट्ट आहे की एकावरून दुसरे वाचता येते.

दुपारी आम्ही निघोजला गेलो. पारनेर तालुक्यातील या गावाजवळ कुकडी नदीच्या पात्रात, मळगंगा देवीच्या देवळापाशी, काळ्या बेसाल्ट खडकात रांजणखळगे आहेत. त्यांतले काही इतके गोल आणि आतून इतके गुळगुळीत आहेत की कुंभाराने चाकावर फिरवून काढले असावेत असे वाटते. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकातल्या एखाद्या खाचेत अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात, खडक घासत राहतात, आणि हजारो पावसाळ्यांनंतर तेथे रांजण तयार होतो. त्या रांजणात कोणी पाणी भरत नाही, धान्य साठवत नाही. गोलाई आहे, परंतु ती कशासाठी आहे हा प्रश्न तेथे लागू पडत नाही.

"पाण्याने केले म्हणतोस ते मान्य," मामा म्हणाले, "पण पाणी कोणी केले, उतार कोणी दिला, ते सांग."

या प्रश्नाला उत्तर देण्याचा माझा प्रयत्न त्या दिवशी फसला. पुढे बरेच वाचन झाले, आणि आता मला वाटते की मामांचा प्रश्न चुकीचा नसून अपुरा होता. विश्वाची रचना कोणी केली का, हा प्रश्न ती कशासाठी केली या प्रश्नापासून तोडून विचारता येत नाही, आणि दोन्ही एकत्र विचारले की पहिल्याचा जोर बराच ओसरतो.

आपल्याकडे रचनेवरून कर्त्याकडे जाणारा युक्तिवाद नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार काटेकोरपणे मांडला. पृथ्वी आणि तिच्यासारख्या इतर गोष्टी कार्य आहेत, म्हणजे कधीतरी उत्पन्न झालेल्या आहेत, आणि प्रत्येक कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त या विचाराला जे रूप दिले, ते त्याचे सर्वांत भक्कम रूप मानले जाते. परंतु त्याआधीच, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी त्याच्या मुळावर बोट ठेवले होते. घट मातीचा विकार, म्हणजे मातीचेच बदललेले रूप, आहे आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावरून मातीचा प्रत्येक विकार कुंभाराने केला असे धरले, तर वारूळही कुंभारानेच केले असे सिद्ध होईल. दोन्हींना 'कार्य' हा एकच शब्द लावता येतो म्हणून दोन्हींचे कारणही एकाच जातीचे ठरत नाही. इंग्रज धर्मपंडित विल्यम पेली यांनी माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला १८०२ मध्ये दिला, की घड्याळ आहे म्हणजे ते घडवणारा असलाच पाहिजे, आणि तसेच सृष्टीचेही; त्यावर इंग्रजीत केवढी चर्चा झाली आणि अजून होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत पेलीचे घड्याळ कधीतरी येते, धर्मकीर्तीचे वारूळ मात्र येत नाही, ही मला वैयक्तिकरीत्या खटकणारी गोष्ट आहे. निघोजचा रांजण म्हणजे धर्मकीर्तीच्या वारुळाचाच सख्खा भाऊ आहे.

आज मात्र हा वाद प्राण्यांच्या डोळ्यांवरून किंवा पानांच्या नक्षीवरून कोणी गंभीरपणे करीत नाही. डार्विननंतर तो मार्ग बंद झाला. आता तो निसर्गनियमांतील आकड्यांवर येऊन थांबला आहे, आणि त्यातील सर्वांत गाजलेली कथा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची आहे. मराठी वाचकाला हॉइल हे नाव परके नाही, कारण डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचेच विद्यार्थी होते. ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून कार्बन कसा तयार होतो, हा हॉइल यांच्यापुढचा प्रश्न होता. दोन हेलियम अणुकेंद्रके एकत्र आली की बेरिलियमचे जे केंद्रक बनते ते सेकंदाच्या सुमारे एक कोटी अब्जाव्या भागात फुटून जाते. ते फुटण्यापूर्वी तिसरे हेलियम केंद्रक येऊन त्याला चिकटले तरच कार्बन बनतो, आणि हे पुरेशा प्रमाणात घडायचे असेल तर कार्बनच्या केंद्रकाला एका नेमक्या ऊर्जेची उत्तेजित अवस्था असणे आवश्यक होते. १९५३ मध्ये हॉइल यांनी कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत जाऊन भौतिकशास्त्रज्ञांना ती अवस्था शोधण्याचा आग्रह धरला, आणि ती अपेक्षित ठिकाणी, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जा मोजण्याचे एकक) आसपास, खरोखर सापडली. पुढे याच हॉइल यांनी लिहिले की हे सर्व पाहता एखाद्या महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी छेडछाड केली असावी असे वाटते. स्वतःला आस्तिक न म्हणवणाऱ्या शास्त्रज्ञाचे हे वाक्य तेव्हापासून असंख्य प्रवचनांत फिरते आहे.

या कथेत दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली अशी की १९५३ च्या मांडणीत जीवसृष्टीचा संबंध नव्हता. विश्वात कार्बन आणि ऑक्सिजन किती आहेत हे ठाऊक होते, आणि त्या प्रमाणावरून हॉइल उलट दिशेने गेले होते. 'आपण जगावे म्हणून' हा अर्थ नंतर जोडला गेला. दुसरी गोष्ट आकड्याच्या नेमकेपणाची आहे. १९८९ मध्ये काही संशोधकांनी गणित मांडून पाहिले, तेव्हा ही अवस्था ०.०६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकली तरी कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडत नाही असे दिसले. ७.६५ च्या तुलनेत ०.०६ म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे ही सवलत क्षुल्लक वाटते. परंतु तीन हेलियम केंद्रकांची मिळून होणारी ऊर्जाच या मापावर ७.२७ च्या जवळ येते, आणि महत्त्व आहे ते या दोहोंतील अंतराला. ते अंतर अवघे ०.३८ आहे, आणि ०.३८ मध्ये ०.०६ ची सूट म्हणजे सुमारे १६ टक्क्यांची सूट झाली. सुईच्या अग्रावर तोललेले विश्व या उपमेला एवढी ढिलाई शोभत नाही. माप कोठून घ्यायचे यावर चमत्काराचा आकार ठरतो, हे येथे उघड दिसते.

सर्वच आकडे असे सैल निघतील असा माझा दावा नाही. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या निर्वात अवकाशातील ऊर्जेचे निरीक्षणातून मिळालेले मूल्य आणि सिद्धांताच्या सरळ अंदाजाने येणारे मूल्य यांत सुमारे एकावर १२० शून्ये इतक्या पटीचा फरक आहे. ही ऊर्जा बरीच जास्त असती तर दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, बनल्याच नसत्या. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये नेमक्या याच विचारातून तिच्यावर वरची मर्यादा घातली होती, आणि १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन झळकणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून ती शून्य नसल्याचे व त्या मर्यादेत बसत असल्याचे दिसले. हा मुद्दा मला अजूनही कठीण वाटतो. अगणित विश्वे आहेत आणि आपण त्यांतल्या राहण्याजोग्या विश्वात आहोत, या उत्तरानेही माझे समाधान होत नाही, कारण इतर विश्वे पाहण्याची सोय कोणाकडेच नाही.

परंतु समजा, आकडे खरोखर कोणी तरी जुळवले. आता खोडदची कसोटी लावून पाहावी. जाळीचे भोक मोजून दुर्बिणीचे प्रयोजन वाचता आले. तसे विश्वाचे माप घेऊन त्याचे प्रयोजन वाचता येईल का? जीवसृष्टी हे प्रयोजन असेल, तर मापे विचित्र आहेत. विश्वातील एकूण द्रव्य-ऊर्जेपैकी तारे, ग्रह आणि आपण ज्या साध्या पदार्थाचे बनलो आहोत तो जेमतेम ५ टक्के आहे. तो सर्व पदार्थ सारखा पसरला, तर चार घनमीटर अवकाशात सरासरी एकच अणू येईल. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे आणि माणसाचे काही लाख. बाहेरून आलेल्या एखाद्या निःपक्षपाती परीक्षकाने ही मापे पाहिली, तर हे यंत्र पोकळी निर्माण करण्यासाठी बांधले आहे, असाच अहवाल तो देईल, आणि कार्बनचा उल्लेख फार तर तळटिपेत करील. जीवन हे प्रयोजन आहे असे आपण म्हणतो, ते मापांवरून वाचलेले नसते. आपण जिवंत आहोत म्हणून आधीच ठरवलेले असते. निघोजच्या रांजणात अडकलेल्या गोट्याला बोलता आले असते, तर हा खळगा माझ्यासाठीच कोरला आहे असे त्याने म्हटले असते. घासण्याचे काम त्यानेच केलेले असल्यामुळे त्याचा दावा आपल्या दाव्यापेक्षा थोडा बळकटही ठरला असता.

प्रयोजनाचा हा मुद्दा आपल्याकडे ज्यांनी सर्वांत निर्दयपणे लावून धरला ते कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर समर्थक होते, नास्तिक नव्हते, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. 'श्लोकवार्तिका'तील त्यांचे वचन मामा वर्गात न्यायाच्या उदाहरणासाठी वापरीत असत: प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते. काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धी माणूससुद्धा कामाला लागत नाही. मग ज्याला काहीच कमी नाही अशा ईश्वराने सृष्टी कोणत्या हेतूने केली? हेतू आहे म्हणावे तर काहीतरी कमी होते असे ठरते. हेतूवाचून केली म्हणावे तर त्याच्या बुद्धीचा उपयोग काय, असे कुमारिल विचारतात. खेळ म्हणून केली या उत्तरावर त्यांचे म्हणणे असे की खेळाची गरज भासली याचा अर्थ तृप्ती नव्हती, शिवाय एवढा मोठा व्याप म्हणजे खेळापेक्षा श्रमच अधिक झाले. हे शेवटचे वाचताना मला दर वेळी हसू येते.

वेदान्तात ही अडचण लपवलेली नाही. ब्रह्मसूत्रांत प्रयोजनाचा आक्षेप स्पष्ट मांडून मग 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्', म्हणजे लोकांत दिसते तशी ही केवळ लीला आहे, हे उत्तर दिले आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात तृप्त राजाच्या क्रीडेचा दृष्टांत आहे, आणि त्याला जोडून श्वासोच्छ्वासाचाही आहे: श्वास घेताना मनुष्य बाहेरचे काही प्रयोजन समोर ठेवीत नाही, तो त्याचा स्वभावच असतो. कुमारिलांच्या टोल्यातून राजाची क्रीडा वाचत नाही, श्वास मात्र वाचतो असे मला वाटते. परंतु वाचतो तो किंमत देऊन. श्वास ही योजना नव्हे. सृष्टी श्वासासारखी सहज असेल, तर तिच्यात आकडे जुळवणारा अभियंता शोधण्याचे कारणच उरत नाही, आणि हॉइल यांच्या महाबुद्धीला वेदान्ताचा पाठिंबा असल्याचे जे अलीकडे उत्साहाने सांगितले जाते, त्याला या सूत्रात आधार सापडत नाही.

मागच्या महिन्यात मामांना हे सर्व सविस्तर सांगितले. कुमारिलांपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकले आणि श्वासाच्या दृष्टांतावर मान डोलावली. मग म्हणाले, "प्रयोजनाचे तू निकालात काढलेस. पण खडक झिजतो, आणि दर वेळी त्याच नियमाने झिजतो. तो नियम का आहे, हे काही तू सांगितले नाहीस." ते मी सांगितले नव्हते हे खरे आहे. नियमांचे कारण दुसऱ्या नियमांत शोधावे तर साखळी लांबते, आणि एखाद्या कर्त्यात शोधावे तर त्याचा हेतू कोणता, येथे आपण पुन्हा कुमारिलांच्या दारात येऊन उभे राहतो. मामांना मी एवढेच म्हणालो की पावसाळा संपला की पुन्हा निघोजला जाऊ, या वेळी सकाळी लवकर निघू.