जाताना नगर रोड, येताना नाशिक रोड

पुण्याहून आळेफाट्याला जायचं तर कुणीही सरळ नाशिक रोड धरतो. आम्ही मुद्दाम वाकडी वाट केली: नगर रोडने शिरूर, तिथून आत वळून निघोज, अळकुटी, बेल्हे, मग आळेफाटा आणि परतताना नारायणगाव. गाडीत आई आणि दोन पोरं, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. वाघोली मात्र सातच्या आत मागे टाका. रांजणगावला गणपतीचं दर्शन आणि चहा उरकला की शिरूरपर्यंत थांबण्यासारखं विशेष काही नाही.

खरा वेळ राखून ठेवायचा तो निघोजला. इथे कुकडी नदीने काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे कोरलेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गरगर फिरत राहतात आणि खडकाला भोक पाडत खाली जातात. एका कोरड्या खळग्यात वाकून पाहिलं, तर तळाशी नारळाएवढा गोटा पडलेला, चारी बाजूंनी गुळगुळीत. म्हणजे छिन्नी अजून कामावरच होती! बाजूला शेळ्या राखणाऱ्या आजी धाकट्यावर ओरडल्या, "आत नगं उतरू रं बाळा, शेवाळ हाय!" त्यांचं ऐका. काठ निसरडे आहेत आणि पाणी भरलेल्या खळग्याची खोली वरून कळत नाही. पावसाळ्यात नदी भरली की खळगे बुडतात, तेव्हा डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. धरणातून आवर्तन सुटलं असेल तरी पाणी चढतं. निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारून घ्या. 'जगात पहिला, आशियात पहिला' असले दावे कानावर येतील, ते सोडून द्या. मळगंगेचं देऊळ शेजारीच आहे. आईने सावलीत तिथेच बैठक मारली.

पुढचा रस्ता अरुंद, उसाच्या ट्रॉल्यांचा. बेल्ह्याला कल्याण-नगर महामार्ग लागला की आळेफाट्याकडे न जाता आधी नगरच्या दिशेने आणे घाटाकडे वळा. गुळुंचवाडीचा नैसर्गिक शिलापूल इथे आहे. गंमत अशी की गाडीतून त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी रस्त्यापासून नीट आत लावा (घाटात ट्रक कुणाची वाट पाहत नाहीत) आणि खाली देवळाकडे उतरा. मग डोक्यावर दगडाची अख्खी कमान दिसते. इथेही देवी मळगंगाच. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच थांबलेलं बरं.

मग मागे फिरून आळे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याकडून वेद वदवले, त्याची समाधी इथे आहे. आख्यायिका खरी-खोटी करत बसू नका. रेड्याचं देऊळ आणखी कुठे पाहणार? जेवण आळेफाट्यावर करा, कारण निघोजपासून इथपर्यंत धड हॉटेल आम्हाला दिसलं नाही. चटणी-भाकरी बरोबर असेल तर उत्तमच.

नारायणगावहून खोडदकडे वळलं की शेतांमधून जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या डिश डोकावू लागतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० डिश आहेत. १४ खोडदजवळ एकत्र, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. थोरल्याने विचारलं, "बाबा, ही तर नुसती जाळी. आरपार दिसतंय की!" प्रश्न रास्त होता. रेडिओलहरींची लांबी इथे दोन-दोन मीटरपर्यंत जाते, तिला एवढी बारीक तारांची जाळीही सलग पत्र्यासारखीच वाटते. शिवाय वारा आरपार जातो आणि वजन कमी राहतं. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही काटकसरी युक्ती. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. ती नसेल तर रस्त्यावरूनच बघा, आम्हीही तेच केलं. जवळपास फिरताना मोबाइल बंद ठेवा. दुर्बिणीला त्याचा गोंगाट ऐकू येतो.

परतीत संध्याकाळी चाकणला कंपन्यांच्या पाळ्या सुटतात आणि चौकात गाडी हलत नाही. आम्ही राजगुरुनगरलाच जेवून घेतलं आणि नऊनंतर निघालो.